समरकंदचा अर्धा दिरहम आणि आमच्या तालुक्याचा सराफ

जुने चांदीचे नाणे खरे की खोटे हे पाहायचे असेल, तर नागपूरच्या इतवारीतला सराफा गाठावा, असा यवतमाळ जिल्ह्यात सर्वसाधारण रिवाज आहे. इतवारीत यंत्रे आहेत, दोन मिनिटांत टंच, म्हणजे चांदीचा कस, निघतो आणि छापील चिठ्ठी हातात पडते. तरीही हा अभिप्राय आमच्या तालुक्याच्या गावी, गुजरीमागच्या बोळात असलेल्या एका जुन्या सराफी पेढीविषयी आहे. कारण परदेशी मध्ययुगीन नाणे तपासून घेताना यंत्राच्या चिठ्ठीवर जे कधीच येत नाही ते मला या पेढीवर मिळाले, आणि काही बाबतींत याच पेढीने माझा पुरता वैतागही केला. पेढीचे नाव मालकांच्या विनंतीवरून देत नाही. ‘हा माणूस जुनी नाणी ओळखतो’ अशी एकदा बोलवा झाली की गुप्तधनाच्या मागे लागलेली मंडळी रात्री-अपरात्री दार ठोठावू लागतात, असे त्यांचे म्हणणे आहे. आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा होऊनही लिंबू-नारळ घेऊन पडक्या गढ्या उकरणारे आपल्या भागातून नाहीसे झालेले नाहीत, तेव्हा हे म्हणणे मला रास्त वाटते.

तपासायला नेलेले नाणे एका मोठ्या शहरातील नाणेविक्रेत्याकडून टपालाने मागवलेले होते. नाणे म्हणजे खरे तर नाण्याचा अर्धा भाग: पातळ, रुंद, काळसर चांदीचा अर्धचंद्राकृती तुकडा, दोन्ही अंगांना कुफी लिपीतील अरबी मजकूर, चित्र कोठेही नाही. सोबतच्या चिठ्ठीवर एवढेच होते: ‘सामानी दिरहम, अर्धा, उत्तर युरोपातील निधीतून.’ दिरहम म्हणजे मध्ययुगीन मुस्लिम राज्यांतले चांदीचे नाणे, आणि निधी म्हणजे जमिनीत पुरलेला ठेवा. हा मजकूर मी घरी भिंगाखाली ठेवून, छापील नमुन्यांशी ताडून सावकाश लावला. पुढच्या बाजूच्या कडेवर ‘समरकंद’ हे टांकसाळीचे नाव पूर्ण आहे, त्यापुढे ‘सन चार’ एवढे वाचता येते आणि तिथेच छिन्नी पडलेली आहे. अरबी रीतीने आधी एकक, मग दशक, मग शतक असे साल लिहिले जात असल्याने दशक आणि शतक दोन्ही दुसऱ्या अर्ध्यासोबत गेली. मागच्या बाजूला मात्र खलिफा अल-मुक्तदिर आणि त्याखाली नस्र बिन अहमद अशी दोन नावे शिल्लक आहेत. नस्र हा बुखाऱ्याच्या सामानी घराण्यातला अमीर. त्याची कारकीर्द ९१४ ते ९४३. मुक्तदिर ९३२ साली मारला गेला. म्हणून हिजरी ३२४ बाद होते आणि ३०४ किंवा ३१४, म्हणजे इ. स. ९१६-१७ किंवा ९२६-२७, एवढे दोनच पर्याय उरतात. अर्ध्या तुकड्यावरून दहा वर्षांच्या अंतराने दोनच साले उरावीत, हे या नाण्यांचे मोठे सुख आहे. आपल्याकडच्या त्या काळच्या कितीतरी नाण्यांवर राजाचे नावसुद्धा नसते.

चिठ्ठीवरील ‘उत्तर युरोप’ हे शब्द वाचून नवख्या माणसाला शंका येईल, की समरकंदचे नाणे तिकडे कशाला जाईल? पण ते तिकडेच जास्त जात असे. हिंदुकुशातील पंजशीरच्या खाणींची चांदी जवळच्या अंदराबात आणि पुढे बल्ख, समरकंद, ताश्कंद येथल्या टांकसाळींत पाडली जाई. तिथून ती व्यापाऱ्यांबरोबर व्होल्गा नदीवरच्या बुल्गारपर्यंत जाई, आणि तेथे उत्तरेकडून आलेले रूस व्यापारी (पूर्वेकडे गेलेले स्कँडिनेव्हियाचे व्हायकिंग) मौल्यवान केसाळ कातडी, म्हणजे फर, आणि गुलाम देऊन ती घेत. बगदादच्या याच मुक्तदिराने ९२१ साली बुल्गारच्या राजाकडे धाडलेल्या वकिलातीत इब्न फदलान होता आणि त्याने त्या रूस लोकांचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन लिहून ठेवले आहे. माझ्या हातातला तुकडा त्याच दिवसांतला. एकट्या स्वीडनमध्ये आजवर ऐंशी हजारांहून अधिक दिरहम सापडले असून, त्यांतला फार मोठा भाग बाल्टिक समुद्रातील गॉटलंड या बेटावरचा आहे. त्या बेटावर स्पिलिंग्स नावाच्या शेतात १९९९ साली सापडलेल्या निधीत ६७ किलो चांदी होती आणि नाणी चौदा हजारांवर, बहुतेक सगळी अरबी मजकुराची. त्यांतल्या एका नाण्यावर ‘मूसा हा ईश्वराचा प्रेषित’ असे कोरलेले आहे. यहुदी धर्म स्वीकारलेल्या, कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेकडील खजर राज्यकर्त्यांनी ८३७-३८ च्या सुमारास पाडलेले ते नाणे मानले जाते. चांदी तशीच, घडण तशीच, नाव तेवढे वेगळे.

आता पेढीकडे. दुकान अरुंद आहे, पुढे गादी, मागे भट्टीची खोली, आणि उजेड इतका बेताचा, की बारीक काम दाखवायचे असेल तर सकाळी अकराच्या आत जावे. मालक सत्तरीच्या घरातले. मी नाणे पुढे ठेवताच त्यांनी हात लावण्याआधी ‘पुसू काय?’ असे विचारले, आणि मी नको म्हटल्यावर कापडाच्या घडीवर घेऊन थेट मिलिग्रॅम काट्यावर ठेवले: १.४८२ ग्रॅम. मग वाटीत पाणी, काट्याला टांगलेला बारीक तारेचा फास, आणि पाण्यातले वजन १.३३८. फरक ०.१४४. पहिल्या आकड्याला या फरकाने भागले, की १०.२९ येतात, ही झाली घनता. शुद्ध चांदीचा आकडा १०.४९ आणि तांब्याचा ८.९६, त्यामुळे चांदी शेकडा नव्वदच्या आसपास आहे असे निघाले. सामानी दिरहमाला हा कस शोभतो. येथे एक सूचना करावीशी वाटते. बाजारात हल्ली खिशात मावणारे, शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारे स्वस्त काटे मिळतात आणि बरेच हौशी संग्राहक त्यांवर हाच प्रयोग करतात. पण एवढ्या लहान तुकड्याच्या बाबतीत पाण्यातला फरक ०.१४ येतो की ०.१५, यावरच निकाल १०.६ वरून ९.९ वर घसरतो, म्हणजे चांदी चोख आहे की तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भेसळ आहे हेसुद्धा ठरत नाही. मिलिग्रॅमचा काटा आणि स्थिर हात, या दोन्ही गोष्टी या पेढीवर आहेत.

यानंतर त्यांनी जे केले त्यासाठी मात्र कोणतेही यंत्र नाही. तुकडा उभा धरून, कापलेली कड अंगठ्याच्या नखाने चाचपत ते म्हणाले, “कातरीनं कापलेलं नोहे हे. छिन्नी मारली, अन् उरलेलं वाकवून तोडलं.” खरोखरच कडेचा दोनतृतीयांश भाग खाली दबलेला आणि गुळगुळीत आहे, उरलेला खरबरीत. मग सपाट बाजूवर मला नुसते ओरखडे वाटत होते त्या पाच-सहा खुणांवर त्यांनी भिंग ठेवले. “पडल्यानं झालेले टवके नोहेत हे, गुरुजी. कोणीतरी चाकूचं टोक रोवून पाह्यलं, आतून तांबं निघते का म्हणून. अन् एका माणसानं नाही पाह्यलं. हा टवका जुना, काळा पडला, हा त्याच्या मागून.”

व्हायकिंगांच्या चांदीचा अभ्यास करणारे लोक नेमक्या याच खुणा मोजतात. त्या मुलखात परकी नाणी मोजून नव्हे तर तोलून घेतली जात. घडीचा तराजू आणि छोटी वजने जवळ बाळगणारा व्यापारी दिरहम घेई, चाकूने टोचून किंवा वाकवून कस पाही आणि हवे तेवढे वजन भरेपर्यंत नाण्याचे तुकडे पाडी. एका नाण्यावर अशा खुणा जितक्या जास्त, तितक्या जास्त हातांतून ते फिरले असे मानतात. आमच्या सराफाने व्हायकिंग हे नावसुद्धा ऐकलेले नाही. पण मुघली आणि कंपनीच्या रुपयांवर जुन्या सराफांनी मारलेले बारीक ठसे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले आहेत आणि परक्या चांदीवर विश्वास ठेवण्याआधी माणूस काय करतो हे त्यांना आपल्या धंद्यावरून ठाऊक आहे. विक्रेत्याच्या चिठ्ठीवरील ‘उत्तर युरोप’ या शब्दांना पहिला खरा आधार मिळाला तो या टवक्यांनी.

पण लगेच पुढचा प्रश्न आला: “सापडलं कुठं?” मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती वाचून परत केली आणि म्हणाले, “हे तर असं झालं, की मोड घेतली अन् वहीत लिवलं, ‘विदर्भातला एक माणूस’.”

माझ्या मते या सगळ्या व्यवहाराचे सार या एका वाक्यात आहे आणि विक्रेत्याविषयीची माझी तक्रारही तीच. मूळ ठिकाणापासून हजारो कोसांवर सापडलेल्या नाण्याचे मोल त्याच्या चांदीत नसते आणि बरेचदा त्यावरच्या मजकुरातही नसते, कारण नस्र बिन अहमदाचे दिरहम दुर्मिळ नाहीत. ते मोल ‘येथले नाणे तेथे सापडले’ यातल्या ‘तेथे’वर असते. यॉर्कशायरमध्ये हॅरोगेटजवळ २००७ साली एका सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या भांड्यात ६१७ नाणी मिळाली. त्यांत समरकंदचा दिरहमही होता. शोधणाऱ्या बापलेकांनी भांडे जागेवर न उपसता जसेच्या तसे अधिकाऱ्यांच्या हवाली केले, म्हणून ते सगळे ९२७-२८ च्या सुमारास, एका विशिष्ट राजकीय धामधुमीत पुरले गेले, असे आज म्हणता येते. तोच दिरहम सुटा होऊन बाजारात आला असता, तर त्याच्या चिठ्ठीवरही ‘उत्तर युरोप’ एवढेच आले असते.

याची उलट बाजू अमेरिकेत मेन राज्याच्या किनाऱ्यावर दिसते. तिथे १९५७ साली मूळ रहिवाशांच्या एका जुन्या वसाहतीच्या जागेवर एक लहानसे चांदीचे नाणे मिळाले. आधी ते इंग्लंडचे समजले गेले. नॉर्वेचा राजा ओलाफ किर याच्या, म्हणजे १०६७ ते १०९३ या कारकिर्दीतले ते आहे, हे १९७८ नंतर स्पष्ट झाले. त्या जागेवर हजारो वस्तू मिळाल्या, पण युरोपातली तेवढीच एक. कोलंबसाच्या चारशे वर्षे आधीचे युरोपीय नाणे अमेरिकेत! ते उत्तरेकडच्या लोकांच्या हातोहात देवघेवीतून दक्षिणेला उतरले, की कोणा हौशी माणसाने विकत आणून तिथे टाकले, हा वाद अजून मिटलेला नाही. नाण्याच्या खरेपणाविषयी वाद नाही. वाद आहे तो सापडण्याविषयी, कारण ते मिळाले त्या वेळी नेमके कुठे, कोणत्या थरात, कोणाच्या डोळ्यांदेखत, याची टिपणे भरवशाची नाहीत. स्पिलिंग्सच्या निधीची कथाही येथे सांगण्यासारखी आहे. गॉटलंडवर रात्री यंत्रे फिरवून निधी चोरणाऱ्यांवर बातमी करण्यासाठी दूरचित्रवाणीचे लोक त्या शेतावर आले होते, आणि ते परतल्यानंतर काही वेळातच त्याच शेतात यंत्र वाजले. चोर आधी पोचले असते तर ६७ किलो चांदीचे हजारो तुकडे माझ्या तुकड्यासारखेच टपालाने देशोदेशी गेले असते. माझा तुकडा कसा निघाला असेल, हे मी विक्रेत्याला लिहून विचारले. ‘माल अस्सल आहे, हवे तर परत करा’ असे उत्तर आले, जे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. घेण्याआधी विचारायला हवे ते हेच, एवढा सल्ला इतरांना देतो.

पेढीवरची वही या पार्श्वभूमीवर पाहावी. जुनी चांदी मोडीत घेताना विकणाऱ्याचे नाव, गाव, वजन, तारीख लिहिण्याची पद्धत मालकांच्या वडिलांपासून आहे. चोरीचा माल निघाला तर पोलिसांना दाखवायला ती लागते. वाळे, तोरड्या, गोठ यांच्याबरोबर कधी माळेतून सुटलेला व्हिक्टोरियाचा रुपया, कधी निजामाचा हाली सिक्का, कधी नागपूरकर भोसल्यांच्या काळातला रुपया येतो; वेगळे वाटलेले नाणे ते आटणीत न टाकता चांदीच्या भावाने खणात ठेवतात आणि नोंदीशेजारी फुली मारतात. त्या खणातली दोन-तीन गधैया नाणी त्यांनी मला दाखवली. बोटाच्या पेराएवढी जाड चांदीची चकती, एका अंगाला ठिपके-रेघांचा काहीतरी गुंता, दुसऱ्या अंगाला आडव्या रेघांची उतरंड. त्यांना ती आजवर ‘गाढवाचा पैसा’ म्हणूनच माहीत होती. वास्तविक तो गुंता म्हणजे इराणच्या सासानी बादशहाचा चेहरा आणि ती उतरंड म्हणजे अग्निवेदी. पाचव्या शतकात पेरोझ या बादशहाला हूणांनी हरवले, खंडणीत आणि दंडात त्याची चांदीची नाणी पोत्यांनी घेतली, आणि ती व त्यांच्या नकला वायव्येकडून भारतात उतरल्या. मग राजस्थान, गुजरात, माळवा आणि महाराष्ट्रात नकलेची नक्कल होत होत सहा-सातशे वर्षांत चेहऱ्याचे नाक-डोळे सुटे होऊन ठिपके झाले. गॉटलंडला नाणे स्वतः चालत गेले. आपल्याकडे नाणे थांबले आणि त्याचा छाप पुढे चालत आला. खणातले एक गधैया कोणत्या खेड्यातल्या देव्हाऱ्याच्या चांदीत आले, हे त्यांनी वही उघडून एका मिनिटात सांगितले. गावाचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. शहरातल्या काचेच्या दुकानात जे नाही ते गुजरीमागच्या बोळात आहे, हे मात्र नोंदवतो.

नकाशा मांडून पाहिले तर समरकंद आमच्यापासून सरळ रेषेत अडीच हजार किलोमीटरच्या आतच येते आणि गॉटलंड समरकंदपासून चार हजारांच्या जवळपास. तरी दिरहमांचा लोंढा गेला तो तिकडे. अंतर हा येथे खरा निकष नाही. ज्या मुलखात स्वतःची चांदी नव्हती, टांकसाळ नव्हती आणि तोलून घेण्याची चाल होती, तिथे नाणे नाण्याच्या रूपात टिकले. भारतात आलेली परकी चांदी बहुतेक टांकसाळीत किंवा सोनाराच्या मुशीत गेली. जी वाचली ती किनाऱ्यालगत जास्त: भडोचजवळ १८८२ साली मिळालेल्या निधीत दिल्लीच्या सुलतानांच्या नाण्यांबरोबर इजिप्तच्या मामलुकांची आणि व्हेनिसची नाणी होती, कोकणात इराणी आखाताकडची वाकवलेल्या तारेची नाणी, म्हणजे लाऱ्या, सापडलेली आहेत. आमच्या सराफाच्या मुशीत गेल्या तीन पिढ्यांत काय काय वितळले असेल, हा विचार अस्वस्थ करणारा आहे, आणि या पेढीचे कौतुक करताना तो लपवणे बरे नव्हे.

आता उणिवा. पहिली आणि मोठी: मी नको म्हटले म्हणून दिरहम वाचला, पण न सांगता दिलेले प्रत्येक जुने नाणे येथे रिठ्याच्या पाण्यात घासून पांढरे शुभ्र करून मिळते. शेकडो वर्षांचा काळा थर त्यात जातो, आणि टवक्यांतला जुना कोणता, नवा कोणता, हे मालकांनाच ज्यावरून कळले तो पुरावाही त्याबरोबर जातो. हे मी त्यांना बोलून दाखवले. “गिऱ्हाइकाला चमकतं लागते” असे उत्तर मिळाले. दुसरी: निकाल लेखी मिळत नाही. आग्रह धरला तेव्हा कॅलेंडरच्या पाठकोऱ्या चिठोऱ्यावर वजने लिहून दिली, त्यावर सही-शिक्का नाही, म्हणून विमा किंवा विक्रीसाठी तिचा उपयोग शून्य. तिसरी: मजकूर वाचणे येथे होत नाही. अरबी, फारसी, मोडी सगळे एकाच सुरात ‘उर्दू’ ठरते. आणि चौथी, जी स्वभावाची म्हणावी लागेल: पेरणीच्या तोंडावर आणि लग्नसराईत गेल्यास नाण्याकडे पाहायला त्यांना सवड नसते आणि ते तसे स्पष्ट, काहीसे तुसडेपणाने, सांगतात. गहाण सोडवायला आलेल्या माणसापुढे माझ्या हौसेला मागे बसवले जाते, याविषयी मात्र माझी काही तक्रार नाही.

एका बाबतीत पेढी फार काटेकोर आहे आणि ती येथे सांगणे गरजेचे आहे. माती लागलेले नाणे, किंवा एकाच जातीची पुष्कळ नाणी एकदम घेऊन कोणी आले, तर ते काट्यावर घेतच नाहीत. थेट तहसील कचेरीचा रस्ता दाखवतात. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि न कळवणाऱ्याला कैद, दंड किंवा दोन्ही आहेत. सरकारने ती वस्तू ठेवून घेतली तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे, पण ती फार थोड्या शेतकऱ्यांना ठाऊक असते, म्हणून नांगराला लागलेले गाडगे गुपचूप फुटते. वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळ्याला १९३९ साली मिळालेला सातवाहन नाण्यांचा मोठा निधी अभ्यासकांपर्यंत पोचला आणि काही राजांची नावे त्यावरून पक्की झाली. तो गाडग्यासह आटणीत गेला असता तर ती झाली नसती. मालक आलेल्या माणसाला हे समजावून सांगतात. त्यांतले किती जण खरोखर तहसीलला जातात, हे ते सांगू शकत नाहीत.

वजन आणि पाण्यातला कस यांसाठी त्यांनी माझ्याकडून दीडशे रुपये घेतले, टवक्यांच्या वाचनाचे काही नाही. जाणाऱ्याने नाणे कागदात नव्हे, सुती कापडात न्यावे, घासू नका हे बसताक्षणी सांगावे, कसोटीच्या दगडावर ओढू देऊ नये, निकाल लिहून घेण्यासाठी स्वतःची वही सोबत ठेवावी आणि आठवडी बाजाराचा दिवस टाळावा. टंचाची छापील चिठ्ठीच हवी असेल तर इतवारीला पर्याय नाही.